घरकामात मुलं: कचरा, स्वयंपाक आणि विणकाम यांची सुरुवात कशी करावी

शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, घरात चार ते दहा वर्षांची मुलं असलेल्या आणि घर जरा साधेपणाने, कमी कचरा करत चालवायचं ठरवलेल्यांसाठी हा लेख आहे. यातलं काहीही आधी केलेलं नाही असं धरूनच सगळं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. मुलाला दिलेलं काम घराला खरोखर लागणारं असावं. त्याने सोललेले मटार त्याच दिवशीच्या भाजीत पडावेत आणि त्याने विणलेला तुकडा उद्या भांडी घासायला वापरला जावा. खोटं काम मुलं चटकन ओळखतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया, दगड, शंख-शिंपले असं आसपास मिळणारं साहित्य शिकवायला वापरलं. आपल्या घरात तेवढंच साहित्य भाजीच्या पिशवीत आणि जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात पडलेलं असतं.

सुरुवात कचऱ्यापासून करा. खत व्हायला दोन महिने लागतात, आणि तेवढ्या वेळात स्वयंपाकाची आणि विणकामाची पहिली कामं हातात बसतात.

## १. आधी काय जमवायचं

कचऱ्यासाठी:
- झाकण असलेल्या २० लिटरच्या तीन बादल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या चालतात, पण पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्याच घ्या आणि स्वच्छ धुऊन घ्या. ऑइल पेंटच्या नकोत.
- प्रत्येक बादलीखाली ठेवायला एक पसरट ताटली
- खुरपं किंवा जुना झारा
- निदान एक पोतं सुका पालापाचोळा
- अर्धी वाटी आंबट ताक किंवा दोन मुठी जुनं खत

स्वयंपाकासाठी:
- मुलाच्या हाताला बसेल असं छोटं लाटणं
- जुन्या सुती धोतराचा किंवा पंचाचा हातभर चौकोनी तुकडा
- घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची एक लिटरची बरणी, शक्यतो काचेची नको
- ओट्याशी उभं राहायला न डुगडुगणारा रुंद पाट

विणकामासाठी:
- सुती धाग्याचे ५० ग्रॅमचे दोन गुंडे, जरा जाडसर
- ४.५ मिलिमीटरच्या आखूड सुयांची जोडी, बांबूच्या किंवा लाकडी
- ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची शिवणाची सुई

सुया घेताना एक फसगत हमखास होते. आपल्याकडच्या दुकानांत अजून जुने नंबर चालतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ७ नंबर म्हणजे ४.५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. जाड सुई हवी म्हणून १० नंबर मागितलात तर हातात बारीक सुई येईल. मिलिमीटर वाचूनच घ्या.

धाग्याचंही तसंच. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा माल ॲक्रिलिकचा असतो. तो पाणी नीट टिपत नाही, गरम भांड्याला लागला तर वितळतो आणि धुताना त्याचे प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. स्वयंपाकघरातल्या कापडासाठी सुतीच घ्या. शंका वाटली तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने सिंकवर जाळून पाहावा. सूत कागदासारखं जळतं आणि राख चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

## २. कचरा वेगळा करणं

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं. घरात मात्र मुलांसाठी अजून सोपी विभागणी करा. एक डबा 'कुजणारं', एक पिशवी 'भंगारात जाणारं' आणि एक छोटा डबा 'बाकीचं'. वाचता न येणाऱ्या मुलासाठी डब्यांवर चित्र चिकटवा. केळ्याची साल, वर्तमानपत्र, बिस्किटाचा कागद एवढी तीन चित्रं पुरतात.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. एका बाजूने चिकटलेला राहू द्या. सुटलेला चिमूटभर तुकडा कुणीच गोळा करत नाही आणि तो थेट गटारात किंवा मातीत जातो. रिकामी पिशवी अर्धी वाटी पाण्याने विसळा (ते पाणी झाडांना), उलटी करून वाळवा आणि मग भंगारात टाका. हे काम पाच वर्षांचं मूल रोज करू शकतं.

वेफर्स, कुरकुरे, सॉसच्या पुड्या यांची पाकिटं अनेक थरांची असतात आणि बहुतेक भंगारवाले ती घेत नाहीत. ती 'बाकीचं'मध्ये जातात. आठवड्याच्या शेवटी मुलाला त्या डब्यातली पाकिटं मोजायला लावा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू द्या. उपदेश करू नका, आकडा लिहिणं पुरे.

डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्या. पुण्यात कचरावेचकांसाठी ही खूण रूढ झाली आहे आणि ती कुठेही उपयोगी पडते, कारण पुढे तो कचरा हाताने निवडणारं माणूस असतं. फुटलेली काच आणि ब्लेडही तशीच, जाड कागदात गुंडाळून. या दोन्ही कामांना मुलांचा हात लागू देऊ नका.

## ३. खताची बादली

बादलीच्या भिंतींना चारी बाजूंनी ५-६ सेंटिमीटर अंतरावर साधारण ६ मिलिमीटरची भोकं पाडा. तळालाही पाच-सहा. यापेक्षा मोठी भोकं पाडलीत तर उंदरांना कुरतडायला जागा मिळते. ड्रिल नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून पाडून आणा. लोखंडी सळई तापवून भोकं पाडायची असतील तर उघड्या गच्चीवर आणि मुलं जवळ नसताना, कारण प्लास्टिकचा धूर वाईट.

भरण्याचा क्रम असा:

- तळाशी चार बोटं जाडीचा थर: नारळाची शेंडी, वाळक्या काड्या, जाड पानं. खालून हवा खेळण्यासाठी हा थर लागतो.
- त्यावर दोन मुठी जुनं खत. ते नसेल तर आंबट ताकात चमचाभर गूळ आणि वाटीभर पाणी घालून पालापाचोळ्यावर शिंपडा.
- मग रोज एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या चुरलेला पालापाचोळा. सर्वांत वरचा थर नेहमी सुका. ओलं काही दिसता कामा नये.
- दर दोन-तीन दिवसांनी खुरप्याने खालपासून वर हलवा.

ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त असतो आणि वाळक्या पानांत कार्बन. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागाला साधारण पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो, म्हणून मापाने सुकं दुप्पट. मुलाला हे गणित सांगायची गरज नाही. 'एक ओली वाटी, दोन सुक्या वाट्या' एवढं पाठ झालं की झालं. त्यासाठी एकच वाटी ठरवून बादलीपाशीच ठेवा.

काय घालायचं: भाज्यांची देठं आणि साली, चहाचा चोथा (त्यात साखर-दूध पडलं असेल तर एकदा धुऊन), फळांच्या साली, चुरलेली अंड्याची टरफलं, निर्माल्यातली फुलं (दोरा काढून), अंड्यांचे कागदी ट्रे फाडून. मोठे तुकडे बोटभर करून टाका. केळ्याची साल कापून टाकली तर आठवड्यात दिसेनाशी होते, अख्खी टाकली तर महिनाभर तशीच सापडत राहते.

काय टाळायचं: मासळी, हाडं, तेलकट-मसालेदार उरलेलं, दूध-दही मोठ्या प्रमाणात. आंब्याची कोय, सीताफळाच्या बिया, नारळाची करवंटी यांना काही होत नाही. लिंबा-संत्र्याच्या साली थोड्याच. डिपवाल्या चहाच्या पिशव्यांत बऱ्याचदा प्लास्टिक असतं, ती फाडून चोथाच टाका. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या बहुतेक मोठ्या कारखान्यातल्या उष्णतेला कुजतात, आपल्या बादलीत त्या तशाच राहतात.

तीन बादल्या का, हेही समजून घ्या. चार माणसांच्या घरात २० लिटरची बादली साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते आणि भरल्यावर खत व्हायला आणखी सहा आठवडे लागतात. एकच बादली घेणारे इथेच अडकतात: बादली भरलेली असते, खत झालेलं नसतं आणि कचरा रोज येत असतो. मग कंटाळून सगळं बंद पडतं. एक भरती आणि दोन मुरत ठेवल्या की चक्र चालू राहतं.

पालापाचोळा फेब्रुवारी-मार्चमध्येच जमवा. पानगळीच्या दिवसांत सोसायटीत ढीग पडलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते जाळले जातात. सफाई करणाऱ्या मावशींना किंवा दादांना सांगून चार पोती भरून कोरड्या जागी ठेवा. जूननंतर वाळकं पान मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज वाढते. तेव्हा अडलात तर कोकोपीट, सुताराकडचा रंग न लावलेल्या लाकडाचा भुसा किंवा फाडलेलं वर्तमानपत्र वापरा. भुसा दाबून बसतो, म्हणून त्यात पानं मिसळूनच घाला.

## ४. बादलीत काय बिघडतं

कुबट, आंबट वास. ओलं जास्त झालं, हवा संपली. दोन-तीन ओंजळी सुकं घालून तळापासून हलवा आणि एक दिवस नवं काही टाकू नका. मुठीत घेऊन दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. ही मुठीची परीक्षा मुलांना फार आवडते. हाताला जखम असेल तर मात्र हातमोजे घाला.

अमोनियाचा, डोळ्यांत जाणारा वास. हिरवं आणि चोथा जास्त झाला. सुकी पानं वाढवा.

चिलटं. वरचा थर उघडा राहिला. फळाची साल खोल पुरा आणि झाकणाच्या आतून जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बसवा.

पांढऱ्या-करड्या जाड अळ्या. पावसाळ्यात हमखास येतात. बहुतेक त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा भराभर संपवतात. मुलांना त्या जरूर दाखवा. त्रास वाटत असेल तर ओलावा कमी करा, त्या आपोआप कमी होतात. औषध फवारू नका.

काहीच होत नाही. सगळं सुकं पडलं आहे. पाणी शिंपडा, थोडं आंबट ताक घाला. चालू असलेली बादली आतून कोमट असते. लांब सळई मध्यभागी दहा मिनिटं खोचून बाहेर काढली की तिला हात लावून मुलांना ते कळतं.

## ५. खत झालं हे कसं ओळखायचं

रंग काळपट तपकिरी, वास पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा, आणि त्यात काय काय घातलं होतं ते ओळखता येत नाही. शंका असेल तर मूठभर खत थोडं ओलं करून बंद डब्यात तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून दोन आठवडे थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं तर रोपं पिवळी पडतात.

चाळायच्या आधी खत किंचित ओलसर करा, म्हणजे बुरशीची धूळ मुलांच्या नाकात जाणार नाही. चाळणीवर उरलेली भरड हीच पुढच्या बादलीचं विरजण. एक भाग खत, दोन भाग माती असं मिसळून उथळ कुंडीत मेथी पेरा. डब्यातलीच मेथी चालते. रात्रभर भिजवून, पेराएवढ्या अंतराने, जेमतेम झाकेल एवढीच माती वर घाला. तीन-चार दिवसांत उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांत खुडता येते. पहिल्यांदा मेथीच लावा. धणे उगवायला दहा दिवस घेतात (आधी लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्या लागतात) आणि तेवढा धीर पाच वर्षांच्या मुलाला नसतो.

## ६. ओट्यावर: कोणाला कोणतं काम

तीन-चार वर्षं: मेथी-कोथिंबीर निवडणं, कढीपत्त्याची पानं ओरबाडणं, तांदूळ धुणं. मटार सोलताना मात्र लक्ष ठेवा, कच्चा दाणा घशात अडकू शकतो. पाच-सहा वर्षं: कणीक मळणं, बोथट सुरीने केळं किंवा उकडलेला बटाटा कापणं, ताक घुसळणं. सात-आठ: काकडी, फरसबी चिरणं, पोळ्या लाटणं, थालीपीठ थापणं. गॅस त्यानंतर, तोही मोठं माणूस शेजारी उभं असताना. विळी आणि कुकर मोठ्यांचेच.

मिरची मुलांच्या हातात देऊ नका. हात धुतल्यावरही तिखटपणा बोटांवर राहतो आणि मूल डोळे चोळतं.

## ७. लोणी आणि तूप

याला सुरुवातीचं काम म्हणून तोड नाही. काही विकत आणावं लागत नाही आणि निकाल पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढे येतो. फक्त दूध म्हशीचं किंवा फुल क्रीम लागतं. टोन्ड दुधावर साय फारशी येत नाही आणि आठवडाभर जमवूनही हाती काही लागत नाही.

- रोजची साय एका स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये जमवा. पहिल्याच दिवशी तळाला चमचाभर दही लावा, नाहीतर आठव्या दिवसापर्यंत साय कडवट होते.
- सात-आठ दिवसांनी डबा बाहेर काढून सहा ते आठ तास ठेवा. मे महिन्यात चार तास पुरतात.
- बरणी एक तृतीयांशच भरा, तेवढंच गार पाणी घाला, झाकण घट्ट लावा आणि मुलांच्या हातात द्या. जास्त भरली तर आत आपटायला जागा उरत नाही.
- आधी ते घट्ट होतं, आवाज बंद पडतो. मुलं इथे थांबतात, थांबू देऊ नका. दोन-तीन मिनिटांत पुन्हा डुचमळल्याचा आवाज येतो आणि लोण्याचे कण सुटतात.

लोणी येत नसेल तर उष्णता तपासा. उन्हाळ्यात लोणी वितळतं आणि ताकात मिसळून जातं, तेव्हा बर्फाचे चार तुकडे घाला. थंडीत साय दगडासारखी असते, तेव्हा पाव वाटी कोमट पाणी. वर आलेला गोळा काढून गार पाण्यात तीनदा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. ताकाचा अंश राहिला तर तुपाला आंबूस वास येतो आणि बेरी जास्त निघते.

कढवणं मोठ्यांचं काम. जाड बुडाचं भांडं, मंद आच, पाव किलो लोण्याला पंधरा-वीस मिनिटं. तडतड मंदावली, तूप पारदर्शक झालं आणि तळाची बेरी सोनेरी झाली की गॅस बंद. भांडं गरम असतं, त्यामुळे बेरी त्यानंतरही काळपट होत राहते. ती थोडी फिकी असतानाच थांबा. दहा मिनिटांनी गाळा. बेरी साखर घालून मुलांना द्या किंवा कणकेत मळा. ताकाची कढी होते आणि उरलेलं आंबट ताक खताच्या बादलीत जातं.

## ८. थालीपीठ

पोळी लाटायला मुलांना वर्ष लागतं, थालीपीठ पहिल्याच दिवशी जमतं. वाकडं झालं तरी चालतं.

दोन वाट्या भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर (देठांसकट), चमचाभर तीळ, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा हळद आणि चमचाभर गरम तेलाचं मोहन. कोमट पाणी एक वाटीच्या आसपास लागेल, पण एकदम ओतू नका. कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं. मऊसर गोळा करून दहा मिनिटं झाका. यात पाच-सहा होतात.

सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, पोळपाटावर पसरा. मुलाने बोटं पाण्यात बुडवून गोळा मधून बाहेर थापायचा. मध्ये एक आणि भोवती चार भोकं पाडायची. मोठ्या माणसाने फडकं उचलून तव्यावर उलटं टाकायचं आणि अलगद सोडवायचं. भोकांत तेल सोडून झाकण ठेवा, मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. उलटून दोन मिनिटं, झाकण न ठेवता.

कडा फाटल्या तर पीठ घट्ट आहे. फडक्याला चिकटलं तर फडकं सुकलं आहे, प्रत्येक वेळी ओलं करा. बाहेरून काळं आणि आत कच्चं राहिलं तर आच मोठी आहे किंवा मुलाने मध्यभाग जाड ठेवला आहे, जो ते हमखास ठेवतं.

## ९. टाकण्याआधी खायचं

दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, फ्लॉवरची कोवळी पानं खताकडे जाण्याआधी ताटात येऊ द्या. अर्धा किलो दोडक्याच्या शिरा धुऊन, पुसून, चमचाभर तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कुरकुरीत करा. दोन चमचे तीळ, दोन चमचे सुकं खोबरं, तीन लाल मिरच्या वेगळ्या भाजून मीठ घालून भरड वाटा. शिरा ओल्या राहिल्या तर चटणी दोन दिवसांत खराब होते. कोरडी झाली तर आठवडा टिकते. दोडका कडू निघाला तर शिराही फेकाव्यात, कडू दोडका पोटाला बाधतो.

शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू वळणं हे चार वर्षांच्या मुलाचं काम. भात मात्र जपून. शिजवलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देताना पूर्ण वाफ येईपर्यंत परता. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात तयार होणारं विष परतूनही जात नाही.

## १०. बोटांवरचं विणकाम

सुया लगेच देऊ नका. पाच वर्षांपासून बोटांवर विणता येतं. जुना सुती टी-शर्ट बगलेखालून आडवा कापा, त्या नळीच्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या करा आणि ताणा. कडा आत वळून धागा तयार होतो.

तळहात आपल्याकडे. टोक अंगठ्यात धरून धागा चार बोटांच्या पुढून-मागून नेत करंगळीपर्यंत, आणि तसाच परत. पुन्हा एकदा तेच. आता प्रत्येक बोटावर दोन वेढे दिसतील. खालचा वेढा वरच्यावरून उचलून बोटामागे टाका. चारही बोटांवर झालं की पुन्हा एकदा धागा फिरवा. मागच्या बाजूने दोर उतरत जातो. बोटं थंड किंवा निळसर होत असतील तर धागा सैल करा. दोर मीटरभर झाला की गोल गुंडाळून शिवा आणि गरम भांड्याखाली ठेवा. यासाठी कापड शंभर टक्के सुतीच हवं.

लांब दोर गळ्यात घालून खेळू देऊ नका.

## ११. सुयांवर पहिला चौकोन

सहा-सात वर्षांचं मूल यासाठी तयार असतं. टाके मोठ्यांनी घालून द्या, २४ पुरे. सगळ्या ओळी सुलट विणायच्या. सुलटाच्या चार हालचाली मुलाला मोठ्याने म्हणायला लावा: आत, वळसा, बाहेर, सोड. सुई टाक्यात आत, धाग्याचा वळसा, वळसा घेऊन सुई बाहेर, जुना टाका डाव्या सुईवरून सोड.

सगळं सुलट विणताना दोन ओळींची एक आडवी वरंबी दिसते. जेवढे टाके तेवढ्या वरंब्या झाल्या की चौकोन होतो. म्हणजे २४ टाक्यांना २४ वरंबी, ४८ ओळी, साधारण १२-१३ सेंटिमीटर. भांडी घासायला हा आकार उत्तम. मोठ्यांनी ओटा पुसायचा तुकडा ४० टाक्यांवर घ्यावा. ५० ग्रॅमच्या गुंड्यात एक होतो आणि थोडा धागा उरतो.

शिकवताना उजवखोऱ्या मुलाच्या शेजारी बसा. डावखुऱ्या मुलाच्या समोर बसा, त्याला तुमचे हात आरशातल्यासारखे दिसतात.

काय चुकतं ते असं:

कडेला टाके वाढतात. ओळ सुरू करताना धागा सुईच्या वरून मागे गेला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर ओढले जातात आणि मूल दोन टाके समजून विणतं. धागा खालून मागे न्यायची सवय लावा.

मध्येच टाका वाढतो आणि भोक पडतं. धागा दोन सुयांमधून पुढे आला आणि तसाच विणला. दर दोन ओळींनी टाके मोजायला लावा, चूक लगेच सापडते.

उलट्या दिशेने विणलं जातं. ओळ अर्धी टाकून उठल्यावर होतं. दोन्ही सुयांवर टाके असतील तर गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवर आहे ती उजव्या हातात. सर्वांत बरं म्हणजे ओळ पुरी करूनच उठायचं.

टाका गळतो. ओढू नका. क्रोशाच्या सुईने खालचा फासा पकडून एकेक आडवा धागा त्यातून वर काढा. लोखंडी सुयांवर हे सारखं होतं, म्हणून बांबूच्या घ्यायच्या.

टाके इतके घट्ट की सुई शिरत नाही. मूल सुईच्या निमुळत्या टोकावरच विणतंय. वळसा सुईच्या जाड भागावर बसायला हवा.

बंद करताना दोन टाके विणा, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडा, पुढचा एक विणा, पुन्हा तेच. ही कड आवळली जाते, म्हणून एक माप मोठी सुई घ्या. टोक बोथट सुईने चार बोटं आत ओवा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक तिसऱ्या धुण्यात सुटतं.

असे सात तुकडे जमले की रोज एक वापरा. रात्री साबणाने धुऊन उन्हात, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. ओला तुकडा सिंकजवळ पडून राहिला तर त्याचा वास येतो. करपलेल्या भांड्याला मात्र हा पुरत नाही, तिथे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा नारळाची शेंडी घ्या.

## १२. गावाला जाताना

बादलीत शेवटची भर दोन दिवस आधी घाला. निघताना वर वीतभर सुका थर द्या, पाणी शिंपडू नका, झाकण लावा. दोन-तीन आठवडे काही होत नाही. पावसाळा असेल तर बादली पागोळ्यांखालून हलवा आणि ताटलीत साठलेलं पाणी रिकामं करून जा, त्यात डास होतात. ते काळं पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून झाडांना घालता येतं.

जमलेली साय बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दह्याचं दोन चमचे विरजणही तिथेच एका छोट्या वाटीत ठेवा. परतल्यावर ते कोमट दुधात लागतं, फक्त पहिल्या खेपेला दोन-तीन तास जास्त घेतं. कुंडीतली मेथी खुडूनच निघा.

विणकाम सोबत न्यायचं असेल तर ओळ पुरी करा, सुयांच्या दोन्ही टोकांना बाटलीचं बूच खोचा आणि गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवून धागा बाहेर काढा, म्हणजे तो गाडीत सीटखाली घरंगळत जात नाही.